बोरझरीच्या कापसाची सीडी

१

ज्या साली माझी नात मयुरी हिचं लग्न ठरलं, ते साल दोन हजार सात. माघ चालू होता. पत्रिका छापून आल्या होत्या, विहारासमोरचा मंडप सांगून झाला होता. फोटोंचं काम धाडच्या शकूरला दिलं होतं आणि तेच काढून घ्यायचं असं माझा मुलगा म्हणत होता.

कारण असं झालं. आदल्या खरिपात आमच्या बोरझरीत बऱ्याच जणांनी एकाच दुकानातलं बीटी कापसाचं बियाणं पेरलं. पाकिटावर लिहिलं होतं की बोंडअळी लागणार नाही. झाडं कमरेला आली, पानं हिरवीगार, आणि बोंड फोडलं की आत अळी. गावानं तक्रार केली. पण साहेब लोक येईपर्यंत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी ठेवायची तर हरभऱ्याचा हंगाम निघून जातो. म्हणून असं ठरलं की आधी फोटो काढायचे आणि मग उपटायचं.

दसऱ्याच्या थोडं आधी शकूर नवा डिजिटल कॅमेरा घेऊन आला. प्रत्येक जण आपापल्या वावरात उभा राहिला, एका हातात रिकामं पाकीट, दुसऱ्या हातात फोडलेलं बोंड. मीही राहिलो. शकूरनं सगळे फोटो एका सीडीवर उतरवले, डबीत घालून आणले आणि तक्रारीचे पुढारी हिंमतराव यांच्या हाती दिले. मग पऱ्हाट्या उपटल्या, चुलीत घातल्या आणि हरभरा पेरला. आता त्या कापसाचा पुरावा म्हणाल तर ती एक सीडी.

माघात वकिलांनी बोलावलं. सुनावणीची तारीख जवळ आली होती. हिंमतराव आणि मी बुलढाण्याला गेलो. वकिलांनी डबी उघडली, सीडी संगणकात घातली. गाणं सुरू झालं. एक बाई बर्फात नाचत होती.

वकील थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हिंमतराव, हे कोणाचं वावर?"

हिंमतरावांचा चेहरा उतरला. परत येताना गाडीत ते एवढंच बोलले, "शकूरनं विकलं आपल्याले."

गावात कोणाकडे संगणक नव्हता, आणि सिनेमाच्या साध्या प्लेअरवर असले फोटो दिसत नाहीत. दसऱ्यापासून कोणी ती सीडी लावून पाहिली नव्हती. म्हणून सगळ्यांना तेच खरं वाटलं. बियाणेवाल्यानं शकूरला गाठलं आणि शकूरनं पहिल्याच दिवशी सिनेमाची सीडी आपल्या माथी मारली. दोन दिवसांत धाडमध्ये त्याच्या शटरवर कोणीतरी कोळशानं लिहिलं, विकाऊ. लग्नसराईची कामं एकेक करून परत गेली. शकूरनं दुकान बंद करून जालन्याला निघून जायचं ठरवल्याचं कानावर आलं.

शकूरला मी तो हाफ पँट घालत होता तेव्हापासून ओळखतो. मला पटत नव्हतं. पण न पटणं म्हणजे पुरावा नाही. मी माणिकरावाकडे गेलो.

२

माणिकराव एसटीत कंडक्टर होता. रिटायर होऊन गावी आला तरी माणूस भेटला की त्याचा पहिला प्रश्न "कुठून कुठं?" हाच असे. तो म्हणे, गाडीतला माणूस खोटं बोलतो ते चढल्या ठिकाणाचं. उतरायचं ठिकाण त्याला खरंच सांगावं लागतं.

सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "पुंजाजी, सीडी म्हनजे पाशिंजर समज. धाडले एक बाई चढली, बुलढान्याले भलतीच उतरली. मधात कोन्या थांब्यावर बदल झाला तेवढं पाह्यचं."

"अन् धाडलेच भलती चढली असंन तं?"

"तं शकूर खोटा. पन आपून आधी उतरलेल्या बाईले पाहू."

हिंमतराव ज्वारीच्या वावरात माळ्यावर बसून पोपट हाकलत होते. कणसं भरली होती. वावरभर सुतळीला जुन्या सीड्या टांगलेल्या. ऊन पडलं की त्या लखलखत आणि पोपट बिचकत. हिंमतरावांचा मेहुणा रवी याला सिनेमाचं वेड. बिघडलेल्या सीड्या तोच आणून देत असे.

"काम करतेत का हो ह्या?" माणिकरावानं विचारलं.

"करतेत. पन तो वढ्याकडचा कोपरा पाहा. तठी बी टांगली हाये, तरी हरामखोर तठीच बसतात. पोपटाले बी समजते नुकसान कोनाचं करायचं ते."

आम्ही पाहिलं. कोपऱ्यात सीडी वाऱ्यावर फिरत होती आणि तिच्या अगदी बाजूच्या कणसावर चार पोपट निवांत खात होते.

हिंमतरावांनी पिशवीतून डबी काढून दिली. तिच्यात शकूरच्या हातची चिठ्ठी होती, 'बोरझरी कापूस'. सीडीवर काहीच नाव नव्हतं. फक्त भोकाजवळ पेनानं बारीक '२' काढलेला. माणिकरावानं सीडी उचलून खालची खोबण पाहिली. तिथं गोल पिवळसर डाग होता. त्यानं नख फिरवलं, ते पिवळं झालं.

"बियान्याची पूड असंन," मी म्हणालो. "आपल्या सगळ्यायच्या हाताले लागली होती त्या दिवशी."

माणिकरावानं सीडी उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. ती अगदी स्वच्छ होती. तो म्हणाला, "हिंमतराव, दोन नंबरची सीडी हाये तं एक नंबरची कुठं असंन?"

"ते शकूरले विचारा," हिंमतराव म्हणाले. "अन् लवकर विचारा. तो बोचकं बांधून राह्यला."

३

खरंच तो बांधत होता. धाडच्या दुकानात शिरलो तेव्हा जहांआरा, म्हणजे शकूरची बायको, बागेचं चित्र असलेला मोठा पडदा गुंडाळत होती. याच पडद्यासमोर अर्ध्या तालुक्याचे लग्नाआधीचे फोटो निघाले होते.

"या भाऊ," ती म्हणाली. "फोटो काढायले आले असान तं पडदा उतरला. शिव्या द्यायले आले असान तं लाइनीत उभे राहा."

"जहांआरा, गप बस," शकूर म्हणाला.

"कायले गप बसू? माह्या बापानं तुमाले पाहून पोरगी दिली ती इमानदार म्हनून. जालन्याले जाऊन माह्या भावाले काय सांगू? इमान बर्फात नाचाले गेलं?"

माणिकराव हसला. तीही हसली, मग पदरानं डोळे पुसले.

माणिकराव स्टुलावर बसला. "शकूरभाई, मले एकच समजत नाही. तुह्याजवळ तेच फोटू दुसरीकडे काऊन नाही? एकच प्रत काऊन?"

शकूरनं सुस्कारा टाकला. ड्रॉवरमधून एकेक वस्तू काढून काउंटरवर मांडली. "भाऊ, पयले रीळ होतं. फोटू निघाला का तो तठीच राहे, तीस वर्षं राहे. आता फोटू काढनं सोपं अन् ठेवनं कठीन. हे पाहा, ही चिप. कॅमेऱ्यातली. नखाएवढी हाये. फोटू पयले हिच्यातच पडतो. पन माह्याजवळ ही एकच हाये. बोरझरीहून आलो अन् मले रोहिनखेडच्या लग्नाले जायचं होतं. खाली केली."

"म्हनजे काळीपिवळी जीप," माणिकराव म्हणाला. "धाडले उतरवल्याबिगर रोहिनखेडचे भरता येत नाही."

"बराबर. अन् हा पेन ड्राइव्ह." शकूरनं कोपऱ्यात बसलेल्या पुतण्याकडे बोट दाखवलं. अजहरच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक लहान कांडी लोंबत होती. मी इतके दिवस तो तावीज समजत होतो. "हे हमाल. अठून उचलते, बुलढान्याच्या लॅबमधी टाकते, वापस येते ते रिकामं. बोरझरीचे निम्मे फोटू बी त्याच्यात मावले नसते."

"अन् कॉम्प्युटर?"

"ते घर होतं. सगळंच होतं तठी. दिवाळीत लाइन गेली, अन् आली ते अशी आली का डिस्क जळून गेली. बोरझरी गेली, रोहिनखेड गेलं, माह्या पोरीचा, सफाचा, शाळेतला नाच गेला."

"मंग सीडीवर एवढा भरोसा?"

"हाव. तिची एकच गोष्ट मले आवडली. बाकी सगळ्यायमधी पुसून दुसरं टाकता येते. ह्या सीडीत एकडाव लिहिलं का लिहिलं. पुसता येत नाही, वरून भरता येत नाही. म्या म्हटलं, उद्या समोरचा वकील म्हनंन फोटू बदलले, तं सांगता येईन का ह्याच्यात बदल होतच नाही."

माणिकराव पुढे झुकला. "पुसता येतच नाही?"

"येत नाही. मोडता येते. ओरबाडता येते. सालभर उन्हात ठेवली तं मरंन. पन आतलं पुसून गानं नाही भरता येत."

"वर नाव काऊन नाही टाकलं?"

"पेनाची शाई आत मुरते म्हनतेत. म्हनून चिठ्ठी टाकली." शकूर थांबला, मग कसंनुसं हसला. "ते फोटू चांगले बी नव्हते, भाऊ. सांजचं ऊन माह्या पाठीमांगं. हरेक फोटूत माही सावली पडली. अजहर हसे, म्हने चाचा, नुकसानभरपाई तुमाले बी भेटंन."

अजहर मात्र आता हसत नव्हता. त्याच्या मांडीजवळ काळी, साबणाच्या डबीएवढी एक वस्तू होती आणि त्यानं तिच्यावर हळूच रुमाल टाकला. माणिकरावानं ते पाहिलं.

"अन् त्या डब्यात कोन बसलं हाये, अजहर?"

अजहर उठून उभा राहिला. शकूरनं रुमाल बाजूला केला. "हे फिरती हार्ड डिस्क हाये. ह्याच्यात शंभर लग्नं मावतेत. त्यानं घेतली." शकूरनं दुरुस्त करून आणलेल्या संगणकाला वायर जोडून डबा उघडला. संगणकाच्या पडद्यावर पहिलाच फोटो आला तो एका शेतकरी मेळाव्याचा. मागच्या फलकावर मोठं पाकीट रंगवलं होतं. ते पाकीट मी ओळखलं. तेच हातात धरून मी माझ्या वावरात उभा होतो.

४

जहांआरानं पडदा खाली टाकला. "अजहर, तू?"

"हाव, काढले मेळाव्याचे फोटू!" अजहर म्हणाला. "काम होतं, केलं. चाचा नाही म्हनले असते म्हनून सांगतलं नाही. पन बोरझरीच्या सीडीले म्या हात लावला असंन तं अल्ला माहे हात झडवो."

"कोनं बोलावलं मेळाव्याले?" माणिकरावानं विचारलं.

"रवीनं. हिंमतरावचा मेहुना. तो उंद्रीले त्याच बियान्याच्या दुकानात कामाले हाये."

"डबा कवा घेतला?"

"कॉम्प्युटर जळाल्यावर. म्हनून तं घेतला! आधी असता तं चाचाच्या शटरवर कोळसा लागला असता का?"

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "पोरगं लपवत होतं."

"लपवत होतं, पन भलतंच," माणिकराव म्हणाला. "मेळावा दिवाळीनंतरचा. सीडी धाडले असतानी त्याचा अन् मेळाव्याचा संबंध नव्हता. तो मांगून चढलेला पाशिंजर. आता उंद्रीची गाडी पाह्य."

उंद्रीत रवी दुकानासमोर पोती लावत होता. तरतरीत पोरगा, केस हिरोसारखे. आम्ही कशासाठी आलो ते त्याला कळलंच होतं.

"मालूम हाये मले," तो म्हणाला. "गाव म्हनते का शकूरनं विकलं, अन् तुम्ही म्हनता मेहुन्यानं चोरलं. दुकानात काम करतो म्हनून मी बेइमान का? माह्या बापाच्या वावरात बी तेच बियानं होतं."

माणिकरावानं पिशवीतून ती सीडी काढून त्याच्या हातात दिली. रवीनं भोकाजवळचा आकडा पाहिला आणि ओरडलाच.

"अरे! ही तं माही हाये! दिवाळीत ताईच्या घरी पिक्चर पाह्यत होतो. एक नंबर पाह्यली, दुसऱ्या दिवशी दोन नंबर भेटेच ना. सगळं घर पालथं घातलं. हिरो दरीत पडला होता बे, मेला का जगला अजून मालूम नाही!"

"म्हनजे ही सीडी हिंमतरावाच्या घरातली."

रवीच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. तो पोत्यावर बसला. "हाव. पन म्या नाही केलं. तुम्हीच सांगा, मले ते फोटू गायब करायचे असते तं सीडी वढ्यात फेकली नसती का? डबीत माहीच सीडी ठेवून, वर माह्या अक्षरातला आकडा ठेवून, अर्धा पिक्चर कायले सोडीन मी?"

"खरं हाये," माणिकराव म्हणाला. "कोन्या चोरानं स्वतःचं टोपरं तठी ठेवलं असं म्या नाही पाह्यलं. घरात त्या डबीले कोन हात लावे?"

"कोनी नाही. भाऊजीनं ती देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली. लेकरायले म्हनत, ह्यात आपला कापूस हाये, हात लावसान तं पाह्यजा. ताईले तं तबकड्यायची भीतीच. भाऊबीजेले मले विचारे, रवी, तबकडी घासली तं आतलं जाते का रे? म्या म्हटलं, घासली का कामातूनच गेली, मंग ते पोपटं हाकलाले." तो उठला. "मी भाऊजीसंग बोलू का?"

"नोको. पोती लाव."

गाडीत माणिकरावानं डबी उघडून खोबण पुन्हा पाहिली. धाडचा फाटा जवळ आला तेव्हा त्यानं विचारलं, "पुंजाजी, दसऱ्याले तुमच्या घरी काय करतेत?"

"विहारात जातो. आमचा धम्मचक्राचा दिवस. तुले मालूम नाही का?"

"मालूम हाये. म्हनूनच तुह्या ध्यानात आलं नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी हिंमतरावाच्या घरी काय करतेत?"

"विळे, कुऱ्हाडी धुऊन पूजा..." मी बोलता बोलता थांबलो. माझ्या डोळ्यासमोर डबीतला पिवळा डाग आला.

५

आम्ही थेट ज्वारीच्या वावरात गेलो. हिंमतराव गावात गेले होते. माळ्यावर त्यांची बायको सिंधूताई बसली होती, हातात गोफण. माणिकराव तिच्याशी काही न बोलता ओढ्याकडच्या कोपऱ्यात गेला. पोपट उडाले, पण उगीच, माणूस आला म्हणून. त्यानं सुतळी तोडून सीडी काढली आणि माळ्याखाली येऊन बसला.

"सिंधूताई, खाली ये. दोन गोष्टी बोलतो. चुकलं तं सांग."

ती उतरली. सीडी त्याच्या हातात पाहिली आणि तिनं गोफण जमिनीवर ठेवली.

माणिकराव बोलायला लागला तो जणू गाडीतले थांबे सांगत होता. "ही बाकीच्या सीड्यायवानी चकाकत नाही, म्हनून पोपटं हिले भेत नाही. आंधळी झाली हाये. वरची बाजू ठीक, खालची चकाकती बाजू बारीक बारीक ओरबाडलेली, गोल गोल. चाकूनं कोनी असं करत नाही. पितळेचं ताट राखेनं घासलं का असे वळ पडतेत. बराबर?"

सिंधूताई माळ्याच्या खांबाला टेकून खाली बसली.

"गावात सगळे भांडून राह्यले का सीडी चढली कुठं. म्या उतरली कुठं ते पाह्यलं. डबीच्या खोबनीत हळद होती. त्या डबीत जी गान्याची सीडी होती तिले हळद नव्हती. म्हनजे खोबनीत हळदीची दुसरी सीडी बसून गेली होती. शकूरनं पयल्याच दिवशी गान्याची दिली असती तं हळद लागली असती तिलेच. म्हनजे शकूरनं खरी दिली होती. तिची पूजा झाली. पुसता ती येत नाही, म्हनून बदलली. अन् बदलनाऱ्यानं हाताले आली ती सीडी घेतली. एक नंबर का दोन नंबर, त्याले वाचता येत नव्हतं."

मला त्या क्षणी वाईट वाटलं ते सिंधूताईसाठी. अक्षर ओळखीचं होण्याआधी मलाही स्टँडवरच्या सगळ्या गाड्या सारख्याच वाटत. रंग पाहून चढावं आणि भलतीकडे उतरावं. तबकड्यांचं तिला तसंच झालं असणार.

"दसऱ्याले पयले विळ्या-कुदळीले गंध लावलं," ती शेवटी म्हणाली. तिची नजर ज्वारीवर होती. "वावरात कापूस नव्हता. हे म्हनत, कापूस ह्या तबकडीत हाये. मंग म्या तिले बी पाटावर ठेवलं. आरशावानी बाजू वर केली. हळद-कुंकू वाह्यलं. काय चुकलं? कापसाचीच पूजा केली नं?"

"चुकलं नाही," माणिकराव म्हणाला.

"दिवाळीचं घर काढलं तवा पाह्यलं तं हळद वाळून बसली होती. पान्यानं निघेना. भांडे घासतच होती, राखेची चिमूट लावली. ते चकाकी गेली. म्या अजून घासली का चकाकी येईन म्हनून." तिचा आवाज बारीक झाला. "रवीले विचारलं. तो म्हने कामातून गेली. सगळ्या गावाचा कापूस म्या राखेनं घासला. रवीची एक उचलून डबीत ठेवली अन् ही ज्वारीच्या कनगीत लपवली. संक्रांतीनंतर पोपटाच्या सीड्यायमधी टांगून देली. म्हटलं, बाकीच्यायमधी कोन पाह्यते."

"अन् शकूर?" मी विचारलं.

"रोज वाटे का आज सांगते. रोज त्याच्या शटरवरचं अजून कोनी सांगे." तिनं माणिकरावाकडे पाहिलं. "तुम्ही ह्यायले सांगान का?"

"मी कोनालेच सांगत नाही," माणिकराव म्हणाला. "मी कंडक्टर होतो. उतरायची जागा आली का घंटी वाजवतो. उतरायचं पाशिंजरानं."

६

बाजाराच्या दिवशी सिंधूताई धाडला आली ती हिंमतरावांसोबत. त्यांना तिनं घरी काय सांगितलं आणि ते काय बोलले, मला माहीत नाही. तिचे डोळे सुजलेले होते आणि हिंमतराव मान खाली घालून मागे चालत होते. शकूरच्या दुकानासमोर टेम्पो उभा होता. पडदा, स्टँड, छत्र्या चढवून झाल्या होत्या. बाजारातली माणसं मजा पाहायला थांबली होती.

ती शटरजवळ गेली. पदराचं टोक पाण्यानं ओलं केलं आणि कोळशाचं अक्षर पुसायला लागली. पुसता पुसता मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "शकूरभाऊनं खरी सीडी देली होती. म्या ती हळद लावून, राखेनं घासून नासवली अन् भ्यालेपनानं बदलली. त्यायचा काही दोष नाही. कोनाले थुंकायचं असंन तं माह्यावर थुंका."

कोणी थुंकलं नाही. एक म्हातारा भाजीवाला हळूच म्हणाला, "माय, तबकडीची पूजा केली?" आणि त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं.

शकूर टेम्पोतून खाली उतरला. "ताई, तो कोळसा राहू द्या. हात काळे होतेत."

"होऊ द्या. माह्याच हाताचा हाये."

जहांआरानं तिला आत नेलं. मग टेम्पोवाल्याला ओरडून म्हणाली, "काय पाह्यतं बे? पडदा उतरव. जालनं कुठं पळून जात नाही."

सीडी अजहरनं घेतली. तो म्हणाला की ओरखडे खालच्या प्लास्टिकवर आहेत, फोटो असतात वरच्या पापुद्र्याशी, तेव्हा आशा आहे. त्यानं बोटावर टूथपेस्ट घेतली आणि आतून बाहेर, आतून बाहेर, अशी ती सीडी हलकेच घासत बसला. गोल घासायचं नाही, असं तो सिंधूताईकडे पाहून दोनदा म्हणाला. तिनं दोन्ही वेळा मान हलवली. संध्याकाळपर्यंत संगणक ती सीडी ओळखायला लागला. पुष्कळ फोटो अर्धेच उघडले, खाली राखाडी पट्टा. काही मुळीच उघडले नाहीत. पण बरेच पूर्ण उघडले. पाकीट दिसत होतं, बोंड दिसत होतं, अळी दिसत होती. प्रत्येक फोटोत आमच्या पायांपाशी एका वाकलेल्या माणसाची लांब सावली होती, डोळ्याला कॅमेरा लावलेली. त्यावरून हिंमतरावांनी ते ओळखले. ते म्हणाले, "हे आपलेच." मग शकूरकडे वळून दोन्ही हात जोडले.

अजहरनं फोटो लगेच डब्यात घेतले, एका कोऱ्या सीडीवर घेतले, निवडक पेन ड्राइव्हवर घेतले, आणि शकूरनं बुलढाण्याहून कागदावर छापून आणले. एक एक प्रत वेगवेगळ्या घरी ठेवली. सिंधूताईच्या घरीही एक ठेवली, ती शकूरनं आग्रहानं. वकिलांनी फोटो दाखल केले. पुढे तारखा पडत गेल्या, काहींना काही मिळालं, काहींना मिळालं नाही. ती गोष्ट इथली नाही.

मयुरीच्या लग्नाचे फोटो शकूरनंच काढले. सिंधूताई लग्नाला आली होती. एका फोटोच्या वेळी रवीनं तिला विचारलेलं मी ऐकलं, "ताई, त्या हिरोचं काय झालं गं?" दोन नंबरची सीडी तोवर माणिकरावानं सिंधूताईच्या घरी परत केली होती, पण रवीला वेळ मिळाला नव्हता. ती म्हणाली, "जगला. म्या पाह्यला."

पुढच्या वर्षी ती विहारातल्या साक्षरता वर्गात येऊन बसली. पहिल्या दिवशी तिनं पाटीवर आकडे काढले, एक आणि दोन.

पुढे शकूर वारला तेव्हा जहांआरानं माझ्याकडे निरोप धाडला. सगळ्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्या माणसाचा घरात ओळखपत्रावरचा सोडून एक फोटो नव्हता. मी माझा कापसातला फोटो नेऊन दिला. तिनं तो हातात घेऊन खाली, माझ्या पायांजवळ पाहिलं आणि म्हणाली, "हेच. असेच उभे राहत."

माणिकराव २०११ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बोरझरीत वारला. शकूर १९ डिसेंबर २०१५ रोजी धाडला वारला.